पोट वर करून झोपणारी मंडळी: अनुभव लिहा

गच्चीवरची
काल पापडांसाठी माळ्यावरची पितळी परात काढली. धुवायला घेतली तर कडीच्या फटीत दोन-तीन पांढरे केस. पीठ राहिलं बाजूला, मी तिथेच फतकल मारून बसले.

आमचा बंडू. सोसायटीच्या पंपाच्या खोलीतून आलेला बोका, एक कान फाटका. घरात आला तो थेट माळ्यावर, आणि आठ महिने तिथेच झोपला. झोपला म्हणजे काय, चारी पंजे पोटाखाली, पाठ भिंतीला, मान ताठ, डोळे मिटलेले. कान मात्र जागे. खाली वाटी पडली की डोळे न उघडता कान तिकडे. जिन्यात चप्पल वाजली की गायब.

मग मे महिना. परात धुऊन गॅलरीत ठेवली होती, हा आत जाऊन बसला. गार लागलं असणार. मी कुकर लावला आणि वळून बघते तर साहेब उताणे! पांढरं पोट वर, मागचा एक पाय काठावरून बाहेर लोंबतोय, तोंड किंचित उघडं. पहिली शिट्टी झाली. कान हलला नाही. दुसरी. तिसरी. मी गॅस बंद करायचं सोडून बघत उभी. डाळीचा पार लगदा झाला त्या दिवशी.

(लगेच लाडाने पोटावरून हात फिरवायला गेले. मनगटावरचा ओरखडा पंधरा दिवस मिरवला.)

तुमच्याकडची मंडळी कशी झोपतात? हा आता आपला झाला, हे कधी कळलं?

दीडशहाणा
शाळेत 'काकचेष्टा बकोध्यानं श्वाननिद्रा तथैव च' घोकून घेतलं होतं. लिहिणाऱ्याने आमचा लॅब बघितला नसणार. बेल, कुरिअरवाला, दिवाळीची लवंगी, काही ऐकू येत नाही. झोपेत फक्त फ्रिजचं दार कळतं.
आधीची गावठी राणी मात्र खरी श्वाननिद्रावाली. दहा वर्षं दाराकडे तोंड करून झोपली, एकदाही उताणी नाही. तिचा आमच्यावर विश्वास नव्हता असं कुणी म्हणू नका. बाई ड्युटीवर होती.

कांदेपोहे
पापड उडदाचे की पोह्याचे?

गच्चीवरची
उडदाचे. पोह्याचे मला लाटताना फाटतात.

माणदेशी
कुत्र्या-मांजराचं ठाव नाही, बैलाचं सांगतो. सांगोल्याच्या बाजारातनं खिलार खोंड आणला होता. पंधरा दिवस माणूस दिसला की उभा. वैरण खायचा, पाणी प्यायचा, पण बसायचा नाही. आजा म्हणला, उभ्या उभ्या डुलकी काढतंय पर त्याला झोप म्हणायची न्हाई. मग आज्यानं गोठ्यातच बाज टाकली. रोज रात्री तिथंच, बिडी, खोकला, सगळं तिथंच. सोळा का सतराव्या दिवशी पहाटे मी धारेला गेलो तर खोंड कुशीवर आडवा, पाय पसरलेले, मान जमिनीला टेकलेली. मी बोंबललो, खोंड मेला म्हणून! आज्यानं पांघरुणातनंच शिवी घातली. "वरडू नगंस, झोपलाय त्यो. आज घर मानलं त्यानं."
आजा एका अंगावर, खोंड एका अंगावर, दोघं घोरत होते. बैल घोरतो हे त्या दिवशी कळलं.

राईनकाठ
@माणदेशी, मेला म्हणून बोंबलणाऱ्यांत मीही. इथे जर्मनीत लेकीसाठी ससा आणला. ससे झोपतात तेसुद्धा बऱ्याचदा उघड्या डोळ्यांनी, त्यामुळे आधीच कळत नाही. एक दिवस गालिच्यावर उभा होता आणि धाडकन कुशीवर कोसळला, पाय ताणलेले. लेक रडायला लागली, मी डॉक्टरला फोन लावला. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, अभिनंदन! सशाला एकदम निवांत वाटलं की तो असाच कोसळतो म्हणे. आता रोज दुपारी कोसळतो. लेक म्हणते, "आई, अभिनंदन पडलं."

चिमणचारा
पक्ष्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. आमचा मिठू एका पायावर, पिसं फुगवून, मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतो. त्याआधी चोच चोचीवर घासत करकर आवाज करतो, तो आवाज आला की समजायचं स्वारी खुशीत आहे. नवा होता तेव्हा दोन्ही पायांनी दांडी घट्ट धरून असायचा.
बदकांची तर आणखी मजा. रांगेत झोपली की कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात आणि अर्धा मेंदू जागा. मधली मात्र दोन्ही डोळे मिटून ढाराढूर.

दीडशहाणा
ताई, पोपट पाळणं गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा.

चिमणचारा
दादा, मिठू बजरीगर आहे, मूळचा ऑस्ट्रेलियातला. देशी पोपट पाळता येत नाही हे ठाऊक आहे मला. नाव मिठू ठेवायला तरी कायद्याची आडकाठी नसावी.

दीडशहाणा
😀 मागे घेतो. कडेचं बदक व्हायची सवय आहे मला.

तीनमांजरी
घाईत लिहितेय, भाजी गॅसवर आहे. उताणं झोपणं म्हणजे 'पोट कुरवाळा' असं निमंत्रण नाही, गच्चीवरची, तुम्हाला पावती मिळालीच आहे. आणि दर वेळी विश्वासच असतो असंही नाही. उकाड्यात पोटाला वारा लागावा म्हणून पसरतात, थंडीत तेच मांजर मुटकुळं करतं. झोपेत पाय झाडतात, मिशा थरथरतात तेव्हा स्वप्न चालू असतं, हलवून उठवू नका. लांबून नाव घ्या.
एक मात्र नक्की सांगते. रोज उशाशी झोपणारं मांजर अचानक पलंगाखाली, कपाटामागे जाऊन झोपायला लागलं तर रुसलंय म्हणून सोडून देऊ नका. आमची थोरली तशीच गेली होती कोपऱ्यात. मूतखडा निघाला. वेळेत नेली म्हणून वाचली.
भाजी लागली.

शून्य_प्राणी
आमच्याकडे फक्त पाल. ट्यूबलाइटमागे झोपते. विश्वास तिचा आहे, माझा नाही.

बी_विंग
आमच्या सोसायटीतला काळू पार्किंगमध्ये झोपतो, पण कायम गाडीखाली. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याच्यावरून दर वेळी भांडण. रात्रपाळीचे वॉचमनकाका आले आणि दोन महिन्यांत हा त्यांच्या खुर्चीसमोर भर मोकळ्यावर झोपायला लागला, पाठ काकांच्या बुटाला टेकवून. गेल्या महिन्यात एजन्सीने काकांना दुसरीकडे पाठवलं. नवीन मुलगा चांगला आहे, बिस्किटं घालतो. काळू बिस्किटं खातो आणि गाडीखाली जातो.

कांदेपोहे
अरेरे. काकांचा नंबर आहे का कुणाकडे?

बी_विंग
आहे. रविवारी येतो म्हणालेत, खास काळूसाठी. तोपर्यंत त्यांची जुनी चप्पल खुर्चीखाली ठेवली आहे. सेक्रेटरींना सांगू नका.

उंबरठा
आमची सोनी माझ्या ऑफिसच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपायची. तेरा वर्षं. मार्चमध्ये गेली. चप्पल घालवत नाही अजून. एवढंच.

गच्चीवरची
@उंबरठा 🙏 मी तरी परातीतले केस कुठे फेकले? कागदात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेत. सासूबाई विचारत होत्या, अंगारा का गं? हो म्हटलं.

कांदेपोहे
@माणदेशी, खोंडाचं पुढं काय झालं?

माणदेशी
हाय की. ट्रॅक्टर आल्यापासनं औताला लागत नाही, दोनदा गिऱ्हाईक आलं होतं, दिला नाही. आजा गेल्यावर गोठ्यातली बाज हलवली, तर गडी दोन रात्री उभाच. परत आणून टाकली. रिकामीच असते, उन्हाळ्यात मी झोपतो कधी कधी. आत्ता हे बाजेवर बसूनच लिहितोय, तो समोर रवंथ करत बसलाय. फोटो टाकायचा होता, जाईना. रेंज नाही.