बी. एस्सी.साठी कॉलेज: नाव बघायचं की प्रयोगशाळा?

त्रिज्या: भाचीला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित घेऊन पदवी करायचीय. घरात सगळे क्रमवारीच्या याद्या चाळत बसलेत. माझं म्हणणं, प्रॅक्टिकल चालू असताना जाऊन एका स्पेक्ट्रोमीटरभोवती, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दुर्बिणीतून मोजायच्या उपकरणाभोवती, किती टाळकी आहेत ते मोजावं. आम्ही सहा जण असायचो. एक जण दुर्बिणीला डोळा लावणार, बाकी पाच रीडिंग उतरवून घेणार. सोडियमच्या पिवळ्या उजेडात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा असतात, हे मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले. पाहिल्या मात्र एम. एस्सी.ला. फट बारीक केली, फोकस साधला, ग्रेटिंगच्या (बारीक समांतर रेघांच्या काचेच्या) दुसऱ्या क्रमात, जिथे रंग जास्त फाकतात तिथे, गेले, आणि एका रेषेच्या दोन झाल्या!

उनाड_इलेक्ट्रॉन: ताई, छान वाटतं वाचायला. पण माझ्या कॉलेजात उपकरणं मुबलक होती, कारण मुलंच नव्हती! क्वांटमचा पेपर सरांनी नोट्स सांगून उरकला. श्रोडिंगरचं समीकरण पाठ, पण डिफरन्शियल समीकरणं कुणी हाताने सोडवून घेतलीच नाहीत. एम. एस्सी.च्या पहिल्याच सत्रात आपटलो. नावाजलेल्या ठिकाणी निदान शेजारच्या बाकावरचा तरी अभ्यास करत असतो. त्याचा धाक पुरतो.

त्रिज्या: गणिताचं मान्य. धाकाचं नाही. नावाजलेल्या ठिकाणीही अर्धी मुलं क्लासच्या नोट्सवरच निघतात.

जुना_मास्तर: सी. व्ही. रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ सालचा. तेव्हा ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात विद्यार्थी होते. प्रिझमचा कोन मोजताना कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांना विवर्तनाचे, म्हणजे कडेपाशी प्रकाश वळून पडणारे, पट्टे दोन्ही बाजूंना सारखे दिसेनात. प्रयोग नेहमीचाच, उपकरणही साधंच.

उनाड_इलेक्ट्रॉन: मास्तर, प्रेसिडेन्सी हे तेव्हाही नावाजलेलंच कॉलेज होतं की! हे उदाहरण माझ्या बाजूचं झालं.

जुना_मास्तर: सापडलो! बरं, मग एक काम करा. मुलांची जर्नलं मागा. लंबकाच्या प्रयोगात सगळ्यांचा g (गुरुत्वीय त्वरण) तंतोतंत ९.८ आला असेल तर चहा न घेता परत या. कुणाचा ९.६ आलाय आणि शेजारी लाल शाईत ‘लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत मोजली का?’ असं लिहिलंय, तिथे कुणीतरी वाचतंय.

त्रिज्या: आज जाऊन आलो. एका स्पेक्ट्रोमीटरवर दोघी. एकीला क्रॉसवायर (दुर्बिणीतली खुणेची फुली) धूसर दिसत होती. मॅडमनी स्क्रूला हातही लावला नाही. “आयपीस आधी तुझ्या डोळ्याला जुळव, मग बाकीचं,” एवढं बोलून पुढे गेल्या. भाची तिथून हलेना.

उनाड_इलेक्ट्रॉन: आणि गणित?

त्रिज्या: विचारलं. सर रजेवर आहेत म्हणाले.

उनाड_इलेक्ट्रॉन: कधीपासून?