त्रिभुज प्रदेशातली गावं नदी वसवते की राजा?

नागनदीकाठ:
रविवारी नागपूरहून पवनीला जाऊन आलो. १९६९-७० च्या उत्खननामुळे गाजलेलं ते गाव. वैनगंगेकाठी मातीचा तट आणि खंदक अजून ओळखू येतो. दोन हजार वर्षांहून जास्त झाली, गाव जागेवर. नाईलच्या मुखाशी हे जमत नाही. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस, त्याची राजधानी पी-रामसेस नाईलच्या पेलुसियाक फाट्यावर, म्हणजे शाखेवर, होती. फाटा गाळानं भरला, बोटी येईनात, राजधानी तानिसला गेली. माझं मत सरळ आहे: त्रिभुज प्रदेशात नकाशा नदीच काढते.

बर्डीवाला:
काहून भाऊ, गाव म्हंजे का पालापाचोळा हाय वाहून जायले? नदी सरकली म्हणून लोक उठले असते तर गाडगी-मडकी घेऊन निघाले असते. इथं तर रामसेसचे पुतळे, ओबेलिस्क म्हंजे उंच दगडी खांब, कोरीव दगड ओढून तानिसले नेले. राजाबिगर कोण करते हे? इतके नेले, का १९२९ पासून तानिस खणणाऱ्या पिएर माँतेले वाटलं, हेच पी-रामसेस!

नागनदीकाठ:
आणि ती चूक कशी उघडी पडली ते गाळलंत. तानिसला त्या दगडांखाली रामसेसच्या काळातल्या वस्तीचा थरच नाही. खरी जागा कंतीर, जिथं आता शेतं आहेत. दगड राजानं हलवले, कबूल. पण नेले कुठं? दुसऱ्या वाहत्या फाट्यावरच ना?

ढेकूळफोड्या:
दोघंही पाण्याकडे बघताय, जमिनीकडे बघा. नाईलच्या गाळातून जुन्या वाळूचे उंचवटे वर आलेले असतात. त्यांना तिकडे गेझिरा म्हणतात, म्हणजे बेट. पूर आला तरी घर कोरडं. जुन्या वस्त्या आणि दफनभूमी कितीतरी ठिकाणी त्यांवरच सापडतात. फाटा सरकला तरी गेझिरा हलत नाही.

नागनदीकाठ:
मुद्दा चांगला, पण जपून. सखल भागातली गावं गाळाखाली गेली, शिवाय भूजलामुळे तिथं खणणंही अवघड. उंचावरची तेवढी सापडतात, म्हणून लोक उंचावरच राहत होते असं कसं म्हणायचं? आपल्या काटोल रोडवरच्या जुनापाणीलाच पाहा. दगडी वर्तुळं तीनशेच्या आसपास, पण ती थडगी. ती रचणारे लोक राहत कुठं होते, ते वर्तुळं मोजून कळत नाही.

बर्डीवाला:
हे पटलं बाप्पा. पण राजाले मी सोडत नाही. पवनीचा तट कोणत्या नदीनं बांधला, ते सांगा आधी.