शेजारच्या उसातलं टू-फोर-डी तणनाशक आणि आपली द्राक्षबाग: 'माझं रान, माझी मर्जी' चालेल का?

तासगावचा बागायतदार:
अमेरिकेत पन्नासही राज्यांत 'शेती करण्याच्या हक्का'चे कायदे आहेत. वास, धूळ, आवाज यांवरून शेजाऱ्यानं दावा लावला, तर आधीपासून चालत आलेल्या शेतीला ते संरक्षण देतात. आपल्याकडंही तसा कायदा करा, असं काहीजण म्हणतायत. माझा विरोध आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात येते आणि त्याच सुमाराला पूर्वहंगामी उसात टू-फोर-डी मारलं जातं. वाऱ्यानं फवारा बागेत येतो, पानं पंख्यागत आखडतात, मणी धरत नाहीत. वर्षाचा माल गेल्यावर दाद कुठं मागायची?

कृष्णाकाठचा ऊसवाला:
दादा, तुमचं नुकसान खरं आहे. पण भांगलणीला माणूस मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. ऊस तणात घालवू का? तुमच्या बागेची औषधं आमच्या वैरणीवर बसतात, आम्ही कधी अर्ज केला नाही. कायदा हवाच. गावालगत प्लॉट पडले, की नवीन राहायला आलेली मंडळी पोल्ट्रीच्या वासावरून तक्रारी करतात. पोल्ट्री आधीची, घरं नंतरची.

तासगावचा बागायतदार:
पोल्ट्रीचं मान्य. पण वास सोसता येतो, तणनाशकानं वेल बसतो. मिसुरीत एका पीच बागायतदाराची झाडं आसपासच्या रानांतून आलेल्या डायकांबा नावाच्या तणनाशकानं गेली. 2020 साली ज्युरीनं ते बनवणाऱ्या कंपन्यांना 26.5 कोटी डॉलर द्यायला सांगितलं, पुढं रक्कम बरीच घटली. तिथं हक्काचा कायदा असूनही हा दावा उभा राहिला.

मिरजेचा वकील:
वाट किंवा पाणी अडवलं, तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्यानं सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडं जाता येतं. फवाऱ्याच्या नुकसानीला तो रस्ता नाही, दिवाणी दावाच लावावा लागतो. फवारा कुणाच्या रानातून आला हे सिद्ध करताना माणूस थकतो. म्हणून पानं आखडलेली दिसली, की त्याच दिवशी फोटो काढा आणि कृषी खात्याकडं पाहणीचा लेखी अर्ज द्या.

कृष्णाकाठचा ऊसवाला:
मग नियमच करा. टू-फोर-डीचा वाफ होऊन उडणारा एस्टर प्रकार नको, कमी उडणारा अमाईन मीठ प्रकार वापरायचा. वारा पडल्यावर फवारायचं, आदल्या दिवशी बागवाल्याला फोन करायचा. मी पाळीन. पण एवढं पाळल्यावर माझ्यावर दावा नको.

तासगावचा बागायतदार:
आणि एवढं पाळूनही बाग गेली, तर कर्जाचा हप्ता कोण भरणार? भरपाई कोण देणार ते कायद्यात आधी लिहा. तोवर माझा विरोध कायम.