नागपूरचा उन्हाळा, एसी नाही आणि नवा गेमिंग पीसी: ३६० मिमीचा लिक्विड कूलर लागेलच का?

विदर्भ_१४४०पी
सुटे भाग घेऊन पीसी जुळवायचा आहे. १४४०पी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर आहे. यादी अशी: रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीच्या चार रॅम, ७५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा), प्रोसेसरसाठी ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड कूलर आणि समोर काच असलेलं कॅबिनेट. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीत डेझर्ट कूलर. मे महिन्यात दुपारी आत ३८-३९ अंश असतात. दुकानदार म्हणतो, एवढ्या गरमीत लिक्विड कूलरशिवाय प्रोसेसर टिकणार नाही. यादीत काय बदलू?

वाराजाळी
कूलर आणि कॅबिनेट, दोन्ही बदला.

हवेचा असो की पाण्याचा, कुठलाही कूलर भागाला खोलीपेक्षा थंड करत नाही. खोलीच्या वर किती अंश, एवढंच त्याच्या हातात. २५ अंशांच्या खोलीत ६५ वर चालणारं कार्ड ३९ अंशांत, पंख्यांचा वेग तोच ठेवला तर, ७९ च्या आसपास जाणार.

आता वॉट मोजा. हा प्रोसेसर गेममध्ये साधारण ५० ते ८० वॉट घेतो, कार्ड २५० पर्यंत. म्हणजे डब्यातली बरीचशी उष्णता कार्डाची, आणि ती कमी करायला प्रोसेसरचा रेडिएटर काहीच करत नाही. वर लावला तर कार्डाने तापवलेली हवा त्यातून जाते. समोर लावला तर प्रोसेसरची उष्णता कार्डावर येते.

शिवाय ७८००एक्स३डी मध्ये जादा कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचा) थर कोअर असलेल्या चिपच्या वर आहे, उष्णतेला त्या वरच्या थरातून बाहेर यावं लागतं. त्यामुळे कूलर कितीही मोठा असला तरी लोड येताच आकडा झपकन चढतो. ९८००एक्स३डी मध्ये कॅश खाली नेली, तिथे हे कमी होतं. ७८००एक्स३डीची तापमानाची मर्यादा ८९ अंशांची आहे. मे महिन्यात गेममध्ये ८० दिसले तर घाबरू नका.

थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हा हवेचा कूलर घ्या. दोन टॉवर, दोन पंखे, उंची १५५ मिमी. कॅबिनेटमध्ये किमान १६० मिमी जागा आहे का ते आधी बघा. उरलेले पैसे समोर पूर्ण जाळी असलेल्या कॅबिनेटला द्या. पुढून १४० मिमीचे दोन किंवा १२० चे तीन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही, ती गाळणीवरच अडते. काचेच्या तोंडाचं कॅबिनेट तुमच्या खोलीत नकोच.

पाना_पक्कड
वरच्याशी सहमत. माझं म्हणणं जुळवणीबद्दल.

चार रॅम नको. एएम५ वर (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट) चारही खाचा भरल्या की वेग बराच खाली आणावा लागतो. १६ च्या दोन घ्या, डीडीआर५-६०००, सीएल३०, एक्स्पो (रॅम जाहीर वेगावर चालवणारी तयार सेटिंग) असलेल्या. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्स्पो चालू करा. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅम तपासत बसतो, काही मिनिटं पडदा काळाच राहतो. मध्येच वीज बंद करू नका.

बोर्ड जुन्या साठ्यातला असू शकतो, म्हणून एक्स्पोच्या आधी बायोस अद्ययावत करा. २०२३ मध्ये याच मालिकेतले काही प्रोसेसर जळाले, त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुन्या बायोसमध्ये ती नाही.

कूलर बसवताना सॉकेटच्या दोन प्लास्टिक पट्ट्या काढायच्या, बोर्डाच्या मागची पट्टी तशीच ठेवायची. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरलात तर तापमान लगेच मर्यादेला भिडेल. पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी. स्क्रू एकाच बाजूचा पूर्ण आवळू नका, दोन्ही आलटून पालटून दोन-दोन फेरे.

कार्डाची १६ पिनांची वायर पूर्ण आत गेलीच पाहिजे, कडेला फट दिसता कामा नये. प्लगच्या तोंडाशी वाकवू नका, तीन-साडेतीन सेंटिमीटर सरळ जाऊ द्या. अर्धवट बसलेला प्लग तापतो आणि वितळतो. आणि दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी इथे कधीच लावू नका. टोक बसतं, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि भाग जळतो.

विदर्भ_१४४०पी
धन्यवाद, कॅबिनेट बदलतो. डेझर्ट कूलरच्या झोतात पीसी ठेवला तर फायदा होईल का? दमटपणाने बिघडेल का? यूपीएस किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) घेऊ?

वाराजाळी
डेझर्ट कूलरने खोली पाच-सात अंश उतरली तर तेवढाच फायदा पीसीला. चालू भाग खोलीपेक्षा गरम असतात, त्यामुळे त्यांच्यावर दव धरत नाही. धोका उडणाऱ्या थेंबांचा आहे. बोअरच्या जड पाण्यातला क्षार बोर्डावर पांढरा थर होऊन बसतो, त्यात धूळ चिकटते. म्हणून थेट झोतात नाही, बाजूला ठेवा, आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. मॉनिटर धरून ४०० वॉटची शेगडी खोलीत चालू आहे असं समजा. ती हवा बाहेर गेलीच पाहिजे.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॉटचा, गेम चालू असताना तो लगेच बंद पडेल. ११०० व्हीएचा, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा घ्या.

आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्के करा. २५० चे सुमारे २१२ वॉट होतात, गेमच्या दर सेकंदाच्या फ्रेम त्या मानाने फारच थोड्या कमी होतात. उन्हाळ्यात हा सगळ्यात स्वस्त उपाय.

पाना_पक्कड
जुळवून झाल्यावर भर दुपारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून अर्धा तास गेम खेळा. मग बाजूची काच काढून पुन्हा अर्धा तास. कार्ड तीन-चार अंशांनी उतरलं तर ठीक. आठ-दहा अंशांनी उतरलं तर हवा पुरत नाहीये. पुढच्या पंख्यांचा वेग वाढवा, आणि एखादा उलटा तर बसला नाही ना ते बघा. पंख्याच्या चौकटीला ज्या बाजूला आधाराच्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. गाळणी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.