घेवडा गावचा, डाळ ठेकेदाराची

शाळेच्या पोषण आहाराचा माल गावातूनच घ्यावा म्हटलं की काही जण म्हणतात, रोजचा माल पुरवणं छोट्या शेतकऱ्याला झेपणार नाही. जरा हिशोब मांडून बघा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी धरलीय. आमच्या साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या शाळेचा पट ६०. म्हणजे रोजची भाजी झाली ३ किलो! दोन-चार गुंठ्यांत दोडका-गवार करणाऱ्या तीन-चार जणी पाळीपाळीने आरामात देतील. उलट मोठा बागायतदार तेवढ्यासाठी गाडीसुद्धा काढायचा नाही.

तांदूळ केंद्राचा येतो, तो येऊ दे. पण कडधान्य ठेकेदाराच्या गोणीतून कशाला? इथे बांधापलीकडे वाघ्या घेवडा पिकतो, राजम्यासारखं कडधान्य, जीआय म्हणजे इथल्या मातीची खास ओळख सांगणारं मानांकन मिळालेला. शाळेत आहार शिजवणाऱ्या आमच्या गटातल्या काकूंनी एकदा घरचा आणला होता. रात्री भिजत घातला, सकाळी लसूण-खोबऱ्याचं वाटण लावून आमटी केली. एरवी डाळ ताटात ठेवून पळणारी पोरं पुन्हा वाढा म्हणत होती. (भिजवायला विसरलात तर मात्र गॅस संपेल, घेवडा शिजणार नाही.)

खरी अडचण पैशाची आहे. मागच्या वर्षी आमचं भाजी-इंधनाचं बिल तीन महिने अडकलं. भाजीवालीला उधारी किती दिवस सांगणार? शेवटी गुरुजींनी खिशातून दिले. महिन्याची रक्कम आधी शाळेच्या खात्यावर पडू दे, माल गावातूनच मिळेल.