‘फ्रेल’ला अशक्त म्हणायचं का?

धंतोलीकर:
आईच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत ‘फ्रेल’ लिहून आलं. भावानं तिला सांगितलं, अशक्त. झालं, टॉनिक आणि डिंकाचे लाडू सुरू, दिवसभर पलंगावर आराम. माझ्या मते शब्दच चुकला. फ्रेलच्या लॅटिन मुळाचा अर्थ मोडणं. फ्रॅजाइल, फ्रॅक्चर त्याच घरातले. आई एरवी स्वतःचं सगळं करते. पण नवतपात एक दुपार कूलर बंद पडला आणि ती आठ दिवस उठली नाही. किती धक्का सोसवेल, हे ‘फ्रेल’मध्ये आहे, ‘अशक्त’मध्ये नाही.

महालच्या बाई:
पटलं नाही. मूळ म्हणजे अर्थ नव्हे. ‘फीबल’चं लॅटिन मूळ ‘रडू यावं असा’. म्हणून फीबल आवाज ऐकून कोणी रडतं का? उलट फीबल एक्स्क्यूज म्हणजे लंगडी सबब. ३० वर्षं वीक, फीबल, फ्रेल तिन्हींना अशक्तच शिकवलं, कोणाचं अडलं नाही.

फिजिओ, मेडिकल चौक:
बाई, दवाखान्यात अडतं ना! २००१ मध्ये वृद्धांच्या आजारांच्या अमेरिकी डॉक्टर लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच निकष मांडले : नकळत घटलेलं वजन, सतत थकवा, मुठीची कमजोर पकड, चालण्याचा मंद वेग, कमी हालचाल. तीन जुळले की फ्रेल, एक-दोन असले तर उंबरठ्यावर. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवता येतं का, हे मी आधी विचारते. ‘अशक्त’ म्हटलं की घरचे झोपवून ठेवतात, त्यानं पाय आणखी जातात. लाडू द्या, पण चालवा.

महालच्या बाई:
मग नाजूक म्हणा.

धंतोलीकर:
नको. पेपरात ‘प्रकृती नाजूक’ म्हणजे आयसीयू. मावशी कामठीहून रडतच येईल.

इतवारीचा सराफ:
भाऊ, तोळामासा प्रकृती म्हणा ना. बारा माशांचा तोळा, गुंजभरानं काटा हलतो. माझी आजी तशीच होती, वारा बदलला की आडवी.

महालच्या बाई:
तोळामासा म्हणजे नेहमीचं दुखणाईत. यांची आई तशी नाही. पण अशक्तपेक्षा जवळचा आहे, एवढं मानते.

धंतोलीकर:
आईलाच विचारलं. म्हणे, “थकली रे बाबू मी, एवढंच सांग त्याईले.” आज गच्चीवर चार फेऱ्या मारल्या तिनं, कठड्याला धरून.

फिजिओ, मेडिकल चौक:
उद्या पाच. पायात चप्पल घट्ट असू द्या.