माहिती नीट शोधता येत असूनही आजाराची भीती का वाढते?

प्रश्न :
माझे पती पंचेचाळिशीचे असून अभियंता आहेत. कोणती माहिती विश्वासार्ह आणि कोणती जाहिरातबाजी, हे त्यांना चांगले ओळखता येते. तरीही वार्षिक तपासणीचा अहवाल मोबाइलवर आला, की त्यातील ठळक छापलेल्या प्रत्येक आकड्याचा शोध घेत ते रात्री उशिरापर्यंत जागतात. या वेळी बिलिरुबिन (यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे रक्तातील पिवळे रंगद्रव्य) १.४, म्हणजे मर्यादेपेक्षा किंचित जास्त आले. डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही असे सांगूनही त्यांनी यकृताच्या कर्करोगापर्यंतचे सारे वाचून काढले. डिजिटल आरोग्य साक्षरता, म्हणजे इंटरनेटवरील आरोग्यविषयक माहिती शोधून, पारखून वापरता येणे, असली की अशी चिंता कमी होते, असे म्हणतात. मग यांच्या बाबतीत उलटे का होत असावे?

प्रतिसाद १ :
मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. अहवालातील सामान्य मर्यादा बहुधा अशी ठरवलेली असते, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. उरलेले ५ टक्के निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात आणि संगणक त्यांचा आकडा ठळक करतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. पॅकेजमध्ये तर याहून कितीतरी जास्त आकडे असतात. ही शक्यता प्रत्येक अहवालावर छापली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बाकीच्या चाचण्या व्यवस्थित असताना बिलिरुबिन किंचित वाढण्यामागे अनेकदा गिल्बर्ट सिंड्रोम हे निरुपद्रवी जन्मजात कारण असते आणि उपाशीपोटी ते आणखी वाढते. अर्थात निदान डॉक्टरांनीच करावे.

प्रतिसाद २ :
मी समुपदेशक आहे. ही साक्षरता मोजण्यासाठी नॉर्मन आणि स्किनर या संशोधकांची २००६ मधील आठ विधानांची ‘ई-हील्स’ मापनी सर्रास वापरली जाते, परंतु माणसाला स्वतःच्या कौशल्याविषयी काय वाटते, एवढेच ती विचारते. शोधणे जमते म्हणून वाचलेल्या धोक्याची शक्यता तोलता येतेच, असे नाही. शिवाय चिंताग्रस्त माणूस माहितीपेक्षा दिलासा शोधत असतो. तो मिळतो, थोड्या वेळात नवी शंका डोके वर काढते आणि पुन्हा शोध सुरू होतो. अशा वेळी उत्तम संकेतस्थळही या चक्राला खतपाणीच घालते.

प्रश्नकर्ती :
“मला काही झाले नाही ना?” असे ते दिवसातून अनेकदा विचारतात. मी काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद २ :
दर वेळी “काही नाही हो” म्हणणे हाही त्याच चक्राचा भाग होतो. “डॉक्टरांनी यावर उत्तर दिले आहे, आता आपण ते पुन्हा शोधायचे नाही,” असे मायेने सांगा. मनात येणारे प्रश्न त्यांना वहीत लिहू द्या आणि पुढच्या भेटीत ते एकदाच विचारा. नवे लक्षण दिसले, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास टाळाटाळ नको. झोप आणि काम बिघडत असेल, तर बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा (संवादातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराचा) चांगला उपयोग होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.